कासव, कोंबड्या आणि भरभराट



गेल्या दिवाळीपासून मला एकच प्रश्न फिरून फिरून विचारला जातोय. विचारणारे सगळे आपलेच. कुणी पुण्याहून, कुणी हैदराबादहून, कुणी इथेच दोन गल्ल्या सोडून. प्रश्न असा: "सर, परसात कोंबड्या आहेत, कुत्रं आहे, मांजरही येऊन-जाऊन असतं. त्यात कासव ठेवलं तर चालतं का? काय काळजी घ्यावी लागेल?" मी काही जनावरांचा डॉक्टर नव्हे. तीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवलं एवढाच काय तो अधिकार. पण निवृत्त मास्तराला काहीही विचारता येतं अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही ती आवडते :-) उत्तर मात्र फोनवर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितोय. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

उत्तर आधीच सांगतो. चालत नाही. आणि "काळजी कशी घ्यायची" हा प्रश्नच मुळात चुकीच्या टोकाकडून विचारलेला आहे. आधी विचारायला हवं ते हे, की किल्लारीतल्या एखाद्या घराच्या परसात कासव आलंच कुठून आणि कशासाठी?

कशासाठी, ते सगळ्यांना माहीत आहे. भरभराटीसाठी! कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते, वास्तुदोष जातो, उत्तरेला तोंड करून ठेवलं की पैसा येतो... असं सांगणारे लोक टीव्हीवर होते, मग मोबाइलवर आले. आधी काचेचं कासव आलं, मग पितळेचं, मग बोटातल्या अंगठीवरचं. तिथपर्यंत माझी तक्रार नव्हती. पितळेच्या कासवाला भूक लागत नाही. आता मात्र "जिवंत असेल तर जास्त गुण येतो" इथवर मजल गेलीय, आणि वास्तुशांतीला लोक खोक्यात घालून जिवंत जीव भेट द्यायला लागलेत.

आता दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाने वास्तुदोषावर विश्वास ठेवला तर मी हसून सोडून देईन. आपण किल्लारीकर! घर या गोष्टीची भीती म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जनाची रात्र. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. ती वास्तूची दिशा चुकल्यामुळे गेली का? दगड-मातीच्या रुंद भिंती, मातीत रचलेले गोल गुळगुळीत दगड, एका दगडाची दुसऱ्यात सांधेजोड नाही, आणि वर उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून मातीचे थरावर थर चढवलेलं माळवद. हादरा बसला तशा भिंती फुटल्या आणि ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं. दोष होता तो बांधकामात. नंतर सरकारने, संस्थांनी, इंजिनिअरांनी गावोगाव काय सांगितलं? खिडकी-दाराच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा घाला. कोपरे बांधा. छत हलकं करा. कुणी म्हटलं का, की हौदात कासव सोडा?

जुनी माणसं सांगायची, शेषाने मान हलवली की धरणीकंप होतो, आणि त्या शेषाखाली म्हणे कूर्म आहे. ज्याला भूगर्भशास्त्र माहीत नव्हतं त्याने केलेली ती कल्पना होती आणि मला ती आजही सुंदर वाटते. पण त्या कल्पनेतही कासव जगाचा भार पेलतं. आपण काय केलं? आपल्या घराच्या हप्त्यांचा भार त्याच्या पाठीवर टाकला. असो.

तर मुद्द्यावर येतो. पुनर्वसनात जुन्या दाटीच्या गावठाणातून बाहेर आल्यावर आपल्या घरांभोवती थोडी मोकळी जागा आली. त्यात शेवगा आला, कढीपत्ता आला, एखादी शेळी आली आणि कोंबड्या तर आल्याच. माझ्याकडेही नऊ गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, म्हणजे पुढचं सगळं कोंबडीद्वेषातून लिहिलेलं नाही. उलट कोंबडी रोज बघतो म्हणूनच लिहितोय.

कोंबडीचं सगळं जग तिच्या चोचीत असतं. समोर काही चमकलं, हललं, लाल दिसलं की आधी टोच, मग विचार. अळी असो, खडा असो, दुसऱ्या कोंबडीच्या पायावरची जखम असो. आपल्या कळपातल्या कोंबडीला रक्त आलं की बाकीच्या तिला टोचून टोचून मारतात, हे ज्याने कोंबड्या पाळल्यात त्याने पाहिलेलं असतं. आता अशा दहा चोचींच्या मध्ये एक जीव सोडा जो हळू चालतो, ज्याचे डोळे काळे नि चमकदार आहेत, जो मान बाहेर काढून आजूबाजूला बघतो. काय होणार? डोळे जाणार, नाहीतर पायाचं कातडं. पिल्लू असेल, दोन-तीन इंचांचं, तर कोंबडीच्या दृष्टीने तो जरा मोठा किडाच.

"पण सर, त्याला कवच असतं की!" हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. कवच म्हणजे अंगात घातलेलं चिलखत नव्हे. कासव कवचातून बाहेर येऊ शकत नाही, कारण ते त्याचंच हाड आहे. त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या रुंदावून, एकमेकांना जुळून वरची ढाल झालेली असते. तिच्यावर नखासारख्या द्रव्याचे पातळ खवले असतात आणि त्याखाली जिवंत हाड. रक्त आहे, संवेदना आहे. ओरखडा काढला तर त्याला कळतं, भेग पडली तर आतपर्यंत जखम होते आणि ती पिकते. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयात अद्वैत नावाचं महाकाय कासव होतं, त्याचं वय अडीचशेच्या आसपास सांगत. ते २००६ च्या मार्चमध्ये गेलं. शेवटच्या काळात त्याच्या कवचाला तडा जाऊन आत जखम झालेली होती. एवढा प्रचंड प्राणी, दिमतीला डॉक्टर, तरी ही गत. मग आपल्या परसातल्या वाटीएवढ्या जिवाचं काय?

आणि कुत्रं! माणसाला चावत नाही, लेकरांशी खेळतं, कोंबड्यांना हात (म्हणजे दात) लावत नाही, सगळं मान्य. पण कासव कुत्र्याला शत्रू वाटतच नाही. त्याला ते हाड वाटतं. वास हाडाचा, आकार धरायला सोपा, पळत नाही, ओरडत नाही. प्रेमळ कुत्रंसुद्धा रात्री निवांत बसून कवचाची कड चघळतं. जगभरात जिथे जिथे लोक कासव पाळतात, तिथल्या पशुवैद्यांकडे येणाऱ्या जखमांमध्ये ही नेहमीची जखम आहे. मांजर मोठ्या कासवाच्या वाटेला फारसं जात नाही, पण पिल्लाला सोडत नाही. मुंगूस, घूस, कावळा, घार हे तर आपण न पाळताच परसात हजर असतात. घूस निजलेल्या कासवाचे पाय कुरतडते.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या चुलतभावाच्या घरी हेच झालं. नवीन स्लॅबचं घर, वास्तुशांतीचा मोठा कार्यक्रम, आणि मुलाच्या एका मित्राने शहरातून शर्टाच्या खोक्यात घालून तारा-कासव आणलेलं. काळ्या कवचावर पिवळ्या चांदण्या. दिसायला इतकं देखणं की जेवायला बसलेली माणसं पानावरून उठून बघायला गेली. वहिनींनी ते परसात, खुराड्याच्या बाजूला सोडलं. कोबीची पानं दिली. आठवड्याभरात त्याचा एक डोळा सुजून बंद झाला. घरच्यांना वाटलं, झोपाळू आहे. मग ते कोंबड्यांच्या खाद्याच्या ताटलीतच तोंड घालून बसायला लागलं. "बघा कसं मिसळून गेलं" म्हणून त्याचे फोटोही सगळ्यांना आले. तुमच्यापैकी अनेकांनी त्याखाली हात जोडले होते, मला आठवतंय! दीड महिन्याने एका रात्री घरच्याच कुत्र्याने मागची कड फोडली. तालुक्याच्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं की हे माझ्या हातचं काम नाही, आणि शिवाय हे घरात ठेवणं गुन्हा आहे, वन खात्याला कळवा. गुन्हा म्हटल्यावर घरात सगळे घाबरले. कळवलं कुणीच नाही. कासव न्हाणीमागे पाटीखाली झाकून ठेवलं. जखमेत अळ्या झाल्या. सहाव्या दिवशी ते मेलं. त्याने ना आवाज केला, ना कुणाला चावलं. कासव आजारी पडतं तेही कासवाच्याच गतीने. आपल्याला कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो.

भरभराट? त्या वर्षी सोयाबीनला भाव मिळाला नव्हता, तो नाहीच मिळाला.

आता काही गोष्टी, ज्या खोक्यातून कासव देणारा कधीच सांगत नाही. एक, खाणं. तारा-कासव गवत, पालापाचोळा, फुलं, निवडुंगाची फळं असल्या चरबट, कोरड्या गोष्टींवर जगणारं जनावर आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात सोळा-अठरा टक्के प्रथिनं असतात. ती त्याच्या मूत्रपिंडांना झेपत नाहीत आणि कवच वेडंवाकडं वाढतं. डाळ-भात, पोळी, दूध हेही त्याचं अन्न नव्हे. दोन, विष्ठा. कासव जमिनीवरचं काहीही तोंडात घेतं, त्यात कोंबडीची शीटही आली. कोंबडी आणि कासव दोघांच्याही आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू स्वतःला काही न होता राहू शकतात. त्यांना काही होत नाही, पण दोन वर्षांच्या नातवाने कासव हाताळून बोट तोंडात घातलं तर त्याला हगवण आणि ताप येतो. अमेरिकेत असल्या आजारी मुलांची संख्या इतकी वाढली की १९७५ मध्ये तिथल्या सरकारने चार इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर बंदी घातली. लहानच का? तर मुलं तीच तोंडात घालतात. तीन, औषध. शेळीला, कुत्र्याला गोचिडांसाठी आयव्हरमेक्टिन देतात, ते आपल्याकडे घरोघरी असतं. कासवाला ते विष आहे. "थोडंसं याला पण देऊन टाकू" म्हणून दिलं की संपलं. चार, ऊन. आपल्याकडे वैशाखात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. जंगलात कासव झुडपाखाली, बिळात जाऊन पडतं. फरशी घातलेल्या अंगणात त्याने जायचं कुठे?

"मग कोंबडी पाळता ती चालते, कासव का नाही? कोंबडी तर तुम्ही कापून खाता!" हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला, आणि प्रश्न चांगला आहे. टाळणार नाही. कोंबडी तीन-साडेतीन हजार वर्षं माणसाबरोबर राहतेय. संध्याकाळी कुणी न बोलावता खुराड्यात येते. तिची पिल्लं आपल्याच डालग्याखाली जन्मतात. तिला काय खायला घालायचं, मानमोडीची लस कधी टोचायची, ते आपल्याला माहीत आहे, आणि चुकलं तर विचारायला माणूस आहे. तिच्या-आपल्यात एक जुना व्यवहार आहे. तो तिच्या बाजूने फार न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, पण व्यवहार आहे. कासवाशी आपला असा काही व्यवहार नाही. आपल्या परसातलं जवळजवळ प्रत्येक तारा-कासव रानातून उचललेलं असतं. ते आपल्याकडे आलेलं नाही, आणलेलं आहे.

कुठून आणलेलं? हे कासव आपल्या तेरणेकाठचं नाही. ते गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळांवरचं, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडूच्या काटेरी रानातलं, आणि श्रीलंकेतलं. २०१५ मध्ये संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात एकट्या आंध्रातल्या एका ठिकाणाहून वर्षाला किमान ५५ हजार तारा-कासवं चोरट्या बाजारासाठी उचलली जातात असा हिशेब निघाला. पुन्हा वाचा. एका ठिकाणाहून, एका वर्षात. ती गोण्यांत, सुटकेसांत, टेपने पाय बांधून जातात. विमानतळावर पकडली जातात त्यांच्या बातम्या येतात. पकडली जात नाहीत ती आपल्या वास्तुशांतीला येतात. या वाटेवर किती मरत असतील त्याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणजे तुमच्या हौदातलं एक कासव "वाचलेलं" दिसतं, ते खोक्यात न पोचलेल्यांना वजा करून.

कायदा तर स्वच्छ आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. देशी कासव घरात ठेवणं बेकायदेशीर आहे. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तारा-कासवाला पहिल्या अनुसूचीत घातलं. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. शिक्षा कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, वर किमान पंचवीस हजार रुपये दंड. आपल्या तळ्या-विहिरींत सापडणारं मऊ पाठीचं पाणकासवही पहिल्याच अनुसूचीत आहे. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या परिषदेत जगातल्या देशांनी तारा-कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही जवळपास पूर्ण बंद केला. "दुकानात मिळतं म्हणजे चालत असेल" असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: दुकानात बरंच काही मिळतं.

"आम्ही त्याला प्रेमाने ठेवतो, चार वर्षं झाली, काही झालं नाही." अहो, चार वर्षं! ज्या जनावराने नीट जगलं तर तीस, चाळीस, कधी त्याहून जास्त वर्षं जगायचं, ते चार वर्षं मेलं नाही याला जगणं म्हणायचं का? चुकीच्या खाण्यावर कासव दोन-तीन वर्षं सहज काढतं. त्याचं शरीरच उपास काढायला बनलेलं आहे. मांजराला आठ दिवस उपाशी ठेवा, ते घर डोक्यावर घेईल. कासव गप्प बसतं, आणि आपण म्हणतो, किती शांत आहे, किती समाधानी आहे! त्याच्या मुकेपणाचं आपण समाधान करून टाकलंय.

मग दुसरं टोक. हे सगळं कुणी वाचतं, घाबरतं, आणि रात्री जाऊन कासव विहिरीत, नाहीतर देवळाच्या बारवेत सोडून येतं. वर पुण्य लागलं म्हणून हात जोडतं. हे तर आणखी वाईट! तारा-कासव जमिनीवरचं आहे. त्याला पोहता येत नाही. ते खोल पाण्यात बुडून मरतं. तुम्ही त्याला मुक्त केलेलं नसतं, बुडवलेलं असतं. उलट पाणकासव कोरड्या घमेल्यात ठेवलं की ते तडफडतं. कासव म्हटलं की सगळी एकच, हा आपला अडाणीपणा दोघांच्याही जिवावर उठतो. आणि शहरातल्या काचेच्या टाक्यांत कानामागे लाल पट्टा असलेली छोटी हिरवी परदेशी कासवं असतात, ती मोठी झाली, घाण करायला लागली की लोक तळ्यात सोडतात. ती तिथल्या देशी कासवांचं खाणं आणि जागा बळकावतात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे आपण विसरलेलो नाही. अशा कोरड्या मुलखातल्या डोहांमध्ये जी थोडी देशी पाणकासवं चिखलात स्वतःला पुरून उन्हाळा काढतात, त्यांच्या उशाशी आपण परदेशी पाहुणा नेऊन सोडायचा?

आता एक अपवाद, कारण तोही घरातलाच आहे. माझा एक भाचा ॲरिझोनात असतो. त्याने हाच प्रश्न विचारला होता आणि त्याचा प्रश्न मात्र योग्य आहे. तिथल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची एक योजना आहे: पूर्वी कुणीतरी पाळलेली वाळवंटी कासवं, जी रोग पसरण्याच्या भीतीने पुन्हा रानात सोडता येत नाहीत, ती खातं लोकांना सांभाळायला देतं. म्हणजे विकत घ्यायची नाहीत, रानातून उचलायची नाहीत. देण्याआधी खातं तपासतं: कुंपण आहे का, उन्हातून आत जाऊन बसायला बीळ आहे का, पोहण्याचा तलाव आणि कुत्रं यांपासून जागा वेगळी आहे का. त्याच्याकडे कोंबड्या आहेत, कुत्रीही आहे. त्याला मी लिहिलं ते इथे देतो, परदेशात कायद्याने कासव सांभाळणाऱ्या बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

कासवाची जागा आणि कोंबड्यांची जागा वेगळी. जाळीने नव्हे, भिंतीने किंवा फळीने, कारण पलीकडचं दिसलं की कासव जाळीला धडका देत बसतं. कोंबड्यांचं पाणी, खाद्य, शीट यांतलं काहीही कासवाच्या बाजूला यायला नको. कुत्रं आणि कासव एका अंगणात एकटे कधीच सोडू नयेत, कुत्रं कितीही गुणी असलं तरी. रात्री कासव बंद पेटीत किंवा बिळात, तोंडाला फळी लावून. पाण्याचं भांडं उथळ, हनुवटीपर्यंत येईल एवढंच. कोंबड्यांची कामं आधी उरकली तर हात धुऊन मगच कासवाकडे जायचं, आणि कासवाला हात लावल्यावरही साबणाने हात धुवायचे, लेकरांचे तर उभं राहून धुवून घ्यायचे. औषध फक्त कासवं जाणणाऱ्या डॉक्टरकडूनच. एवढं सगळं जमणार असेल तर ठेव, नाहीतर दुसऱ्या कुणाला मिळू दे. भाच्याने भिंत बांधली आणि मगच अर्ज केला. त्याच्या बापापेक्षा शहाणा निघाला!

इथे भारतात मात्र या यादीचा उपयोग एवढाच, की ती वाचून आपण काय करायचं नाही ते कळावं. आणि तुमच्या घरी आत्ता या क्षणी कासव असेल तर? पहिलं, त्याला कोंबड्या-कुत्र्यापासून लांब, सावलीत, झाकणाला भोकं पाडलेल्या कोरड्या खोक्यात ठेवा. जमिनीवरचं आहे की पाण्यातलं, कळत नसेल तर खोल पाण्यात अजिबात टाकू नका. दूध-पोळी घालू नका. दुसरं, वन खात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन करा, किंवा सरळ जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. मी वकील नाही, त्यामुळे कुणाला कसली हमी देत नाही. पण स्वतःहून जीव सोपवायला आलेला माणूस आणि न्हाणीमागे पाटीखाली लपवणारा माणूस यांत फरक असतो, हे समजायला वकील लागत नाही. चुलतभावाच्या घरी तो फोन पहिल्या आठवड्यात गेला असता तर डोळा गेला असता, जीव वाचला असता.

देवाधर्माचं म्हणणाऱ्यांनाही दोन शब्द. महादेवाच्या देवळात नंदीच्या पुढे दगडाचं कासव असतं. निलंग्याच्या नीळकंठेश्वराला जा की आणखी कुठे, त्याच्यापुढे वाकून मगच आपण आत जातो. त्याचा अर्थ आपल्या बापजाद्यांनी काय लावला होता? इंद्रियं आत ओढून घे, हाव आवर, मग पुढे जा. गीतेत स्थितप्रज्ञाला कासवाची उपमा दिलीय ती याच अर्थाने. आणि आपण त्याच कासवाला हाव वाढवायला घरात आणतो! आपल्या संतांनी कासवीच्या नजरेचा दाखला किती वेळा दिलाय: ती पिल्लांना दूध पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, नुसत्या नजरेने वाढवते. प्राणिशास्त्र म्हणून ते खरं नाही. कासवी अंडी पुरून निघून जाते, वळूनही बघत नाही. पण माणसांनी कासवाशी कसं वागावं, यासाठी मला त्या दाखल्यापेक्षा चांगला नियम सुचत नाही. लांबून बघा. हात लावू नका.

आणि भरभराटच हवी असेल, तर कासवामुळे खरोखर चार पैसे मिळवणारं एक गाव आपल्या महाराष्ट्रातच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. पूर्वी ती अंडी चोरीला जायची, कुत्री-कोल्हे उकरून खायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पिल्लं वाळूवरून समुद्राकडे जाताना बघायला लांबून माणसं येतात, गावातल्या घरांत उतरतात, तिथलंच जेवतात. त्या गावाने एकही कासव हौदात ठेवलेलं नाही. कासवाला जाऊ दिलं, आणि पैसा घरी आला. वास्तुतज्ज्ञांनी हा उपाय का सांगितला नाही कोण जाणे!

तेव्हा पुढच्या लग्नसराईत आणि वास्तुशांतीच्या हंगामात एवढं करा. कुणी खोकं घेऊन आलं आणि आतून खरवडल्याचा आवाज आला, तर संकोच करू नका. आहेर परत करणं आपल्याकडे अपमानाचं समजतात, ठाऊक आहे. होऊ द्या अपमान. माझं नाव सांगा, मी वाईटपणा घेतो. आणि तुम्हालाच कुणाकडे काही न्यायचं असेल तर एक कडुनिंबाचं रोप न्या, शेवग्याची फांदी न्या. अगदी जिवंतच काही द्यायचं मनात असेल, तर माझ्याकडे या. दोन तलंगा देतो, गावठी, लस टोचलेल्या. महिन्या-दोन महिन्यांत अंड्यावर येतील. एवढ्या भरभराटीची हमी मी लेखी द्यायला तयार आहे.